पेजमेकर बंद करायचा? आधी आतलं मॅटर बाहेर काढा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक तरी पाटी असतेच: 'डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, बिलबुके'. आत दोन कॉम्प्युटर. एक बऱ्यापैकी नवा, त्यावर ऑनलाइन फॉर्म भरले जातात. दुसरा कोपऱ्यात, पिवळट पडलेल्या कीबोर्डचा. त्याला हात फक्त ऑपरेटरने लावायचा, असा अलिखित नियम. त्यावर विंडोज एक्सपी किंवा सेव्हन आहे आणि त्यात पेजमेकर ७, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची सातवी आवृत्ती.

पेजमेकर मुळात आल्डस या अमेरिकन कंपनीचा, १९८५चा. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' म्हणजे आपलं 'डीटीपी' हे नाव त्याच काळात रुळलं. १९९४ साली अडोबीने आल्डस विकत घेतली. सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि तीच शेवटची ठरली. २००४च्या सुमारास अडोबीने त्यावरचं काम थांबवलं आणि गिऱ्हाइकांना आपल्याच इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरकडे वळायला सांगितलं. म्हणजे हे सॉफ्टवेअर वीसेक वर्षं बेवारस आहे. त्यात दोष सापडला तर दुरुस्त करणारं कुणी नाही, तक्रार करायला दार नाही. तरी त्याच्यावर पत्रिका निघतात, शाळांच्या प्रश्नपत्रिका निघतात, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल निघतात. (विकत घेतलेली प्रत किती जणांकडे होती, हा प्रश्न छापखान्यात विचारू नये.)

मग ते बंद करावं का? 'ताबडतोब फेकून द्या' म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा त्यावर एक पानही लावायचं नसतं. 'चालतंय तोवर चालू दे' म्हणणाऱ्याने ते कुठल्या दिवशी थांबेल याचा विचार केलेला नसतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या मशीनवर तयार होणारा मजकूर कागद निघाल्यानंतर पुन्हा कुणाला लागणार आहे का, एवढ्या एका गोष्टीवर उत्तर ठरवावं. असं का म्हणतो, ते कळायला थोडं आत डोकावावं लागेल.

चालणारी गोष्ट बिघडते कशी

सॉफ्टवेअर झिजत नाही. २००१ची सीडी आज चालवली तर त्यातला प्रोग्राम जसाच्या तसा आहे. बदलतं ते आजूबाजूचं. पेजमेकर ज्या विंडोजवर जगला त्या एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला थांबवली. विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२०ला, विंडोज टेनची १४ ऑक्टोबर २०२५ला. नव्या लॅपटॉपवर पेजमेकर काही खटपटी करून बसतो, कधी चालतो, कधी फाइल सेव्ह करतानाच मान टाकतो. जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजला मिळत नाही. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर एक्सपीला मिळत नाही. ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठी अर्धपारदर्शक कागदावरची प्रिंट, काढायची तर दोन्ही एका पिढीचे लागतात.

त्यात आणखी एक खास आपल्याकडची अडचण: लॉक. मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं चोरून वापरली जाऊ नयेत म्हणून त्यांच्याबरोबर एक छोटं यंत्र यायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे खोचलेलं असेल तरच फॉन्ट आणि कीबोर्ड चालू व्हायचे. जुनी लॉक प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात बसत. ते पोर्ट आता कुठल्याच लॅपटॉपला नसतं. लॉक हरवलं, जळलं किंवा बसवायला जागाच राहिली नाही, की पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअरही मुकं. म्हणून तो कोपऱ्यातला पिवळट कॉम्प्युटर कुणी हलवत नाही.

सुरक्षेचं काय? १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायली कुलूपबंद करून तो खंडणी मागायचा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांचं कामकाज त्याने विस्कळीत केलं. मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा घाईघाईने दुरुस्ती काढावी लागली. त्या वेळी सगळा राग एक्सपीवर निघाला, पण बाधित मशीनांपैकी बहुतेक विंडोज सेव्हनवर चालणारी होती. सेव्हनची देखभाल तेव्हा चालू होती आणि त्या भोकासाठीचं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं. लोकांनी ते लावलं नव्हतं. बेवारस सॉफ्टवेअर आणि आळसाने अपडेट न केलेलं सॉफ्टवेअर, नुकसान दोघांचं सारखंच होतं. फरक इतकाच की दुसऱ्यावर इलाज हाताशी असतो.

'आमच्या मशीनला नेटच नाही' हे यावरचं ठरलेलं उत्तर, आणि ते अर्धं बरोबर आहे. नेट काढून टाकल्याने धोका पुष्कळ कमी होतो. पण डीटीपीच्या दुकानाचा धंदाच पेनड्राइव्हवर चालतो. गिऱ्हाईक मॅटर पेनड्राइव्हमध्ये घेऊन येतं आणि त्याच्याबरोबर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून ठेवणारा तो कुप्रसिद्ध व्हायरसही. तो ज्याने पाहिला नाही असा ऑपरेटर मला अजून भेटायचा आहे. जुन्या मशीनला नेट नको असेल, तर बाहेरचा पेनड्राइव्हही थेट नको. आधी नव्या मशीनवर तपासायचा, मग आपला एक ठरावीक पेनड्राइव्ह पुढे न्यायचा. एवढी शिस्त पाळली, तर दुकानातला एक्सपी काही उद्या सकाळी गाव बुडवणार नाही.

म्हणजे सुरक्षेच्या मुद्द्यावर मी फारसा घाबरलेलो नाही. मला काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची.

खरी गाठ फॉन्टमध्ये आहे

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. ज्या काळात डीटीपी आपल्याकडे आलं तेव्हा एका अक्षराला एक बाइट, म्हणजे २५६ घरं, इतकीच जागा होती. त्यातली काही घरं कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. उरलेल्या दोनशेपेक्षा थोड्या जास्त घरांत इंग्रजी आरामात मावायची. देवनागरीला मात्र मूळ अक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या, अर्धी अक्षरं, रफार आणि क्ष, ज्ञ, द्ध, ह्म यांसारखी जोडाक्षरं, एवढं सगळं लागतं.

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं प्रमाण होतं. १९९१ साली ते भारतीय मानक म्हणून आलं आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बरंच काम त्यावर उभं राहिलं. पण अमेरिकेत बनलेल्या पेजमेकरला इस्की कळत नव्हतं. त्याला वाटायचं, जगात फक्त रोमन अक्षरं असतात. मग आपल्या लोकांनी एक हुशार युक्ती केली. फाइलमध्ये रोमन अक्षरंच ठेवायची, पण फॉन्टमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून ठेवायचे. रोमन अक्षरावर देवनागरीचा मुखवटा.

एक शब्द जवळून पाहू. कृतिदेव हा फॉन्ट हिंदी पट्ट्यात घरोघरी ठाऊक आहे. त्यात 'भारत' असा शब्द दिसत असेल, तर फाइलमध्ये पाच रोमन अक्षरं आहेत: एच, के, के, जे, आर. मोठ्या एचच्या घरात बिनदांड्याचा अर्धा भ बसवला आहे. केच्या घरात नुसता काना. अर्धा भ आणि काना मिळून पूर्ण भ झाला. दुसरा के खराखुरा काना, म्हणून 'भा'. जेच्या घरात र, आरच्या घरात त. डोळ्यांना 'भारत' दिसतं. पेजमेकरच्या लेखी तिथे पाच निरर्थक रोमन अक्षरं आहेत, आणि त्याला त्याचं काहीही वाटत नाही.

ही युक्ती एकाच पद्धतीने झाली असती, तरी निभावलं असतं. पण प्रत्येक कंपनीने घरांची वाटणी आपापल्या मनाने केली. सी-डॅकच्या फॉन्टांची वेगळी, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची वेगळी, आकृतीची वेगळी, शिवाजी आणि किरण या फॉन्टांची आणखी वेगळी. श्रीलिपीत केलेलं मॅटर कृतिदेवात पाहिलं, तर देवनागरीच दिसते, पण वाचता येत नाही. 'फॉन्ट पाठवा ना' हा मराठी ऑफिसांतला फोन त्या काळाची देणगी आहे.

यात अजून एक गंमत आहे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून या फॉन्टांत ती आधी टाइप करायची आणि फाइलमध्येही आधी साठायची. रफार डोक्यावर नंतर चढतो, म्हणून तो नंतर. 'धर्म' लिहिताना आधी ध, मग म, मग त्यावर रफार. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक आकडे देणाऱ्या प्रमाणात, मात्र बोलण्याचा क्रम असतो: ध, मग र, मग हलन्त, मग म. वेलांटीही व्यंजनाच्या नंतर. दिसायला दोन्ही शब्द सारखे, पोटात उलटे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. विंडोज २०००पासून साध्या कॉम्प्युटरवर ती वापरता येऊ लागली. २००९ साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून अधिसूचित केलं. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो, ते सगळं युनिकोड. पेजमेकर मात्र युनिकोड येण्याआधीच्या घडणीचा. शेवटच्या आवृत्तीलाही ते कळत नाही आणि आता कळवणारंही कुणी नाही.

हे छापखान्यात जाणवत नाही, कारण कागदावर छापलेला 'भारत' कुठल्या आकड्यांतून आला याच्याशी कागदाला देणंघेणं नसतं. जाणवतं ते दुकानाबाहेरच्या माणसाला. ग्रामपंचायतीचा अहवाल पेजमेकरमधून पीडीएफ करून वेबसाइटवर चढवला, तर तो दिसतो सुरेख, पण शोधून सापडत नाही. त्यातली ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, तर रोमन अक्षरांचा कचरा उतरतो. अंध विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावतो, तेव्हा त्याला 'भारत' ऐकू येत नाही, 'एच के के जे आर' ऐकू येतं. प्रकाशकाला वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं ई-बुक करायचं असतं आणि फाइल हातात असूनही ते पुन्हा टाइप करून घ्यावं लागतं. म्हणजे एकदा कंपोझिंगचे पैसे दिलेल्या पुस्तकासाठी दुसऱ्यांदा, आणि प्रूफंही नव्याने वाचायची.

जुनं सोडायला ऑपरेटरला जो त्रास होतो तो डोळ्यांना दिसतो. जुनं न सोडल्याने वाचकाला जो त्रास होतो त्याचं बिल दुकानात येत नाही. 'चालतंय ना' हे वाक्य म्हणूनच इतक्या आत्मविश्वासाने म्हणता येतं.

पण जायचं कुठे होतं?

इथे ऑपरेटरांची बाजू घ्यायलाच हवी. 'आपली माणसं बदलायला तयार नसतात' हे ऐकून मला कंटाळा आला आहे. तारखा बघा. पेजमेकर ७ आला २००१मध्ये. त्याच्या जागी अडोबीने आणलेला इनडिझाइन १९९९चा, पण त्याच्या सर्वसाधारण आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं अधिकृतपणे नीट लागू लागली ती सीएस ६मध्ये, २०१२ साली. अकरा वर्षं! या अकरा वर्षांत कंपनी सांगत होती, पेजमेकर सोडा, नव्या घरी या. आणि नव्या घरात मराठीला बसायला पाट नव्हता. मराठी मुलखातले छापखाने जिथे होते तिथेच राहिले, यात हट्ट कुठे आला?

फॉन्टांचंही तेच. सुरुवातीला युनिकोडमध्ये विंडोजबरोबर येणारा मंगल, आणि बराच काळ मंगलच. पत्रिकेवर मंगल कोण लावणार? त्यातला ल आणि श हिंदी वळणाचा, मराठी डोळ्याला खुपणारा. जुन्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरात शेकडो वळणं असायची, ठसठशीत मथळ्याची, नाजूक कवितेची, नक्षीदार. हे चित्र गेल्या दशकभरात पालटलं. मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्त, बलू यांसारखे फॉन्ट फुकट मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट उपलब्ध केले. आता वळणांची कमतरता हे कारण राहिलेलं नाही, निदान पुस्तकासाठी तरी.

बोटांचं कारण मात्र खरं आहे. टाइपरायटरच्या मांडणीवर वीस वर्षं घासलेल्या बोटांना इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी शिकवायची म्हणजे वेग निम्म्यावर आणणं, आणि ऑपरेटरला पानामागे पैसे मिळतात. पण बोटांना नवीन शिकवावंच लागतं असं नाही. रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी युनिकोडसाठीही मिळते. बोटं जुनीच चालतात, फाइलमध्ये आकडे नवे पडतात. ही गोष्ट डीटीपीच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगायला हवी.

आता त्या २०१२च्या सीएस ६कडे पुन्हा या, कारण कथेतला सगळ्यात चीड आणणारा भाग तिथे आहे. सीएस ६ ही अशी एकच आवृत्ती, जिला पेजमेकरची फाइल उघडताही येत होती आणि युनिकोड मराठीही नीट लागत होती. पुढच्या वर्षीपासून इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्यावर मिळू लागल्या आणि त्या आवृत्त्यांतून पेजमेकरची फाइल उघडण्याची सोयच काढून टाकली. सीएस ६ची विक्रीही २०१७मध्ये थांबली. जुन्यातून नव्यात जायचा सरळ रस्ता पाचेक वर्षं उघडा होता. तो उघडा आहे हे गावातल्या दुकानाला कुणी सांगितलं नाही आणि बंद झाल्याचंही नाही. जानेवारी २०२३मध्ये अडोबीने आपल्या प्रोग्रामांत टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्ट वापरायची सोयही थांबवली. म्हणजे त्या फॉन्टांतली एखादी जुनी फाइल उघडलीच, तरी अक्षरं दिसतील याची खात्री नाही.

'नंतर बघू' महाग पडतं ते यामुळे. आज जे काम दोन तासांचं आहे, ते पाच वर्षांनी दोन दिवसांचं होतं आणि दहा वर्षांनी होतच नाही.

दुसऱ्यांनी कसं मिटवलं

बंद करण्याच्या रीतीही वेगवेगळ्या आहेत. अडोबीचंच फ्लॅश घ्या, वेबसाइटवर हलती चित्रं आणि खेळ दाखवणारं. जुलै २०१७मध्ये जाहीर केलं की २०२०च्या अखेरीस बंद करणार. साडेतीन वर्षांची मुदत. ३१ डिसेंबर २०२०ला देखभाल थांबली आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेयरने स्वतःच चालायला नकार दिला. तशी तजवीज आधीच आत करून ठेवली होती. इतकी मुदत देऊनही दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्येच राहिले, आणि त्या खात्याने ते भरण्यापुरता स्वतःचा एक ब्राउझर काढला. सरकारी खात्यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच म्हणायचा.

मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त केला, पण नव्या एज ब्राउझरच्या पोटात त्याचं एक रूप जिवंत ठेवलं आणि ते किमान २०२९पर्यंत चालेल असं सांगितलं. जुनी साइट उघडायची सोय राहिली, नवी साइट त्यावर बांधायचं कारण संपलं. मला ही रीत सगळ्यात शहाणी वाटते. पेजमेकरच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. ना ठणकावून बंद केला, ना पोटात घेतला. नुसता सोडून दिला.

'मग कंपनीने त्याचा सोर्स कोड तरी खुला करावा' असं म्हटलं जातं. केला तर आनंदच आहे, पण आपली गरज त्याहून लहान आहे. आपल्याला तो प्रोग्राम नको, त्याच्या फायलींची किल्ली हवी. ती काही स्वयंसेवकांनी, कंपनीच्या मदतीशिवाय, फायलींची रचना उलगडून तयार केली. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या ड्रॉ या भागात २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरची फाइल उघडता येते. पानाची मांडणी हुबेहूब येतेच असं नाही, चौकटी सरकतात. पण मॅटर हाताला लागतं, तेही फुकट आणि नव्या कॉम्प्युटरवर.

कुठल्या कामाला सोडायचा, कुठल्या नाही

लग्नपत्रिकेला युनिकोड लागत नाही. लग्न लागलं की तिचं काम संपलं. हँडबिल, बिलबुक, वाढदिवसाचा फ्लेक्स, सत्यनारायणाचं निमंत्रण, यांसाठी कुणी पेजमेकर वापरत असेल तर त्याच्या मागे लागू नये. मशीन बंद पडेल त्या दिवशी तो आपोआप बदलेल, आणि तोवर कुणाचं काही अडत नाही.

पुस्तक, दिवाळी अंक, संस्थेचं इतिवृत्त, ग्रामपंचायतीचा ठराव, ग्रंथालयाची यादी, प्रश्नपत्रिकांचा संच, गावाचा किंवा घराण्याचा इतिहास: हे नव्याने करताना जुन्या फॉन्टमध्ये एक ओळही टाकू नये, आजपासून. याला माझ्या लेखी अपवाद नाही, कारण या मजकुराला कागदानंतरही आयुष्य आहे. आणि हा आग्रह ऑपरेटरने नव्हे, काम देणाऱ्याने धरायचा. छापखान्याला काम देताना संस्थेने एवढंच लिहून द्यावं की छापील प्रतींबरोबर पूर्ण मजकुराची युनिकोड फाइल हवी, आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. फुकटात मागितलं, तर कुठल्या तरी कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममधून, घाईत काढलेली फाइल मिळेल, आणि ती न मिळालेली बरी.

राहिला प्रश्न आधीच साठलेल्या फायलींचा. त्यांच्यासाठी जुनं मशीन जिवंत ठेवावंच लागेल. शक्य असेल तर त्याची पूर्ण हार्डडिस्क उतरवून व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या सोंगात, चालवून बघा. यूएसबीचं लॉक असेल तर बऱ्याचदा चालतं. जुन्या पोर्टातलं असेल तर तेच पिवळट मशीन सांभाळणं आलं.

मॅटर काढताना

पेजमेकरमधून मजकूर एक्सपोर्ट करताना साधा टेक्स्ट निवडू नका, आरटीएफ निवडा. साध्या टेक्स्टमध्ये कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहितीच पुसली जाते. मग मजकुरात मध्येच आलेलं खरं इंग्रजी नाव किंवा ईमेल पत्ता कन्व्हर्टरला मराठीच वाटतो आणि त्याचं अगम्य देवनागरी होऊन बसतं. आरटीएफमध्ये फॉन्टचं नाव टिकतं, त्यामुळे इंग्रजी भाग वेगळा ठेवता येतो.

कन्व्हर्टर निवडताना फॉन्टचं नेमकं कुटुंब बघा. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत घरांची वाटणी बदललेली असू शकते. आधी एक पान बदलून बघा आणि नजर तीन ठिकाणी ठेवा. पहिलं, ऱ्हस्व वेलांटी: ती मागच्या अक्षरावरून पुढच्या अक्षरावर उडी मारते, कारण वर सांगितलेला तो उलटा क्रम सुलटा करावा लागतो आणि जोडाक्षरापुढे कन्व्हर्टर गोंधळतो. 'स्थिती' आणि 'शक्ति' यांसारखे शब्द शोधून बघा. दुसरं, रफार: 'कार्य', 'मार्मिक', 'निर्णय'. तिसरं, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांतला तो अर्धचंद्रासारखा र, जो मराठीला लागतो आणि हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला बहुधा ठाऊकच नसतो. 'दुसऱ्या'चं काय झालं ते बघा, लगेच कळेल.

वेबसाइटवर फुकट कन्व्हर्टर बरेच आहेत, पण त्यात चिकटवलेला मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ शकतो. परीक्षेआधीची प्रश्नपत्रिका किंवा सभासदांची नावं-पत्ते अशा ठिकाणी टाकू नका. आपल्याच कॉम्प्युटरवर नेट बंद करून चालणारा कन्व्हर्टर शोधा.

फॉन्टचा पत्ताच लागत नसेल, तर उलट बाजूने जा: पान पीडीएफ किंवा स्वच्छ स्कॅन करून ओसीआर लावा, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखून घ्या. टेसरॅक्ट हे खुलं सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. ठळक, स्वच्छ छपाईवर निकाल बरा येतो. नक्षीदार मथळ्यांवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. कुठल्याही मार्गाने आलात तरी शेवटी प्रूफ माणसानेच वाचायचं, आणि त्यातही आकडे मूळ कागदासमोर ठेवून: रकमा, तारखा, फोन नंबर. चुकलेली वेलांटी वाचकाला दिसते, चुकलेला आकडा कुणालाच दिसत नाही.

आणि नवी फाइल तयार झाली, तरी जुनी पुसू नका. एका फोल्डरमध्ये चार गोष्टी ठेवा: मूळ पेजमेकर फाइल, तिची पीडीएफ, युनिकोड मजकूर, आणि ज्या फॉन्टमध्ये ती केली होती त्या फॉन्टची फाइल. फोल्डरच्या नावातच फॉन्टचं नाव आणि साल लिहून टाका. उद्या याहून चांगला कन्व्हर्टर आला, तर त्याला हेच विचारायचं असेल.